दुपारी दोन ते चार

माझी वही पाण्याच्या दिवसापासून सुरू होते.
या गल्लीत नळ पाचव्या दिवशी,
कधी पहाटे, कधी रात्री अकराला,
आणि त्या दिवशी ड्रेसिंगला कुणी दार उघडत नाही
हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.

मल्लेशम यन्नम. वय एकसष्ट. जबडा.
चाळीस वर्षं मागावर, निम्मी जकार्डच्या चादरींवर.
मोठ्या दवाखान्याने परत पाठवलं तेव्हा
फाइलीत शेवटची ओळ: पुढील काळजी घरी.
घर म्हणजे दहा बाय बारा, वर पत्रा,
भिंतीपलीकडे चार मागांची खडखड,
ती थांबली की म्हातारा दचकून जागा होतो.

मी फोन लावत बसते.
मॉर्फिन शुक्रवारपर्यंत पुरेल,
डॉक्टर गुरुवारी अक्कलकोटला,
म्हणजे चिठ्ठीवर सही बुधवारीच.
हवेची गादी विजापूर वेशीतल्या बागवानांकडून,
त्यांना ती आता लागत नाही.
तिथे आधी बसायचं, चहा घ्यायचा,
गादीचं नाव निघताना काढायचं.
लाइट गेली की गादी बसते,
कारखानदाराने इन्व्हर्टरची वायर खिडकीतून दिली,
वर म्हणाला, बिलाचं बोलू नका, महानंदा सिस्टर,
माझे सगळे नमुने त्याने बसवलेत.
अंबादासला भिवंडीत कळवायचं
की ये, घाबरून नको,
आणि फार सवडीनेही नको.
हे वाक्य मी तीनदा खोडलं.

मग चादरीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून
त्याच्या पाठीवर तक्ता आखला.
गोळी सहाला, दहाला, दोनला.
कूस बदलणे. नळीतून पेज. तोंड पुसणे.
रात्री दुखणं वाढलं तर कुणाचा नंबर आधी.
प्रत्येक चौकोनात एकच नाव: नागमणी.
मला तो तक्ता चांगला जमल्यासारखा वाटला.

म्हाताऱ्याने खुणेने मागून घेतला.
माल उजेडात धरून तपासतात तसा धरला,
बोट वरून खाली आलं, मग आडवं गेलं,
आणि दुपारच्या दोन ते चारमध्ये थांबलं.
तिथेही नागमणीच. मला काही चूक दिसेना.
पाटी घेऊन त्याने लिहिलं, तेलुगूत,
ते मला वाचता येत नाही.
नात वाकून म्हणाली, निद्र.
मग जरा थांबून, अव्वाची.

निद्र. माझ्या घरी कानडीत निद्दे.
पुरा ताणा लावून बसले होते मी
आणि तुटलेला धागा सापडला
तो ज्याच्यासाठी लावला त्याला.

नागमणी फणकारली,
मला कशाला झोप, हजार विड्या कोण वळणार?
मांडीवरचं सूप बाजूला झालं नाही.
शेवटी शेजारची शहनाज म्हणाली,
मेरी मशीन इधरच लाती मैं,
टीप मारत बसते, त्यांच्याकडे बघते.
मी चौकोनात शहनाज लिहिलं.
पहिल्या दिवशी नागमणी डोळे मिटून पडली
आणि बोटं वीस मिनिटं विड्याच वळत होती.
चौथ्या दिवशी घोरली.
म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं.
त्याचं तोंड हसण्याच्या कामाचं उरलं नव्हतं.

तो पाण्याच्या दिवशी गेला.
अंबादास आदल्या रात्रीच पोचला होता.
गल्लीने आपापले पाइप काढून
आधी त्यांचं बॅरल भरलं,
हे माझ्या तक्त्यात नव्हतं.

गादी धुऊन वाळली, तेलंगी पाच्छा पेठेत गेली.
मी पुठ्ठ्यावरच्या ओळी खोडत आले
आणि दोन ते चारपाशी पेन उचललं.

गुरुवारी अडीचला पुन्हा गेले.
शहनाज उंबऱ्यात, मशीन बंद,
हातानेच टाके घालत होती. बोट ओठांवर.
मी पायरीवर बसले.
पुढचं नाव: तिसरा मजला, लिफ्ट नाही,
मुलगी नोकरीला, आईला अजून सांगितलेलं नाही.
ते सगळं चारनंतर.